तेरा दिवस पाणी, एक दिवस जमीन: सेंट हेलेना

केळणाकाठ (धागाकर्ती)

आधी आंघोळीचं सांगते. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर, जेम्सटाउन गावाच्या धक्क्यावर शिडाच्या बोटींनी येणाऱ्यांसाठी न्हाणीघर आहे. तेरा दिवसांनी भरपूर गोड्या पाण्याखाली उभी राहिले, डोळ्यांत साबण गेला म्हणून डोळे मिटले, तर माझा डावा पाय आपोआप उचलला गेला आणि समोरच्या भिंतीला टेकला. बोटीवर अंगाला साबण लावायचा तर असंच स्वतःला दोन भिंतींच्या मध्ये अडकवून घ्यावं लागतं. इथली भिंत जागची हलत नव्हती, पण पायाला कोण सांगणार? एका पायावर बगळ्यासारखी उभी राहून मी एकटीच हसत होते.

आता थोडी पूर्वपीठिका. मी मूळची भोकरदनची, गेली नऊ वर्षं केपटाउनला. इथे कॅटमरान, म्हणजे दोन धडांच्या शिडाच्या बोटी, बांधण्याचा मोठा धंदा आहे. तयार झालेली बोट कॅरिबियनमधल्या गिऱ्हाइकाकडे पोचवायची तर बहुतेक वेळा ती शिडावर हाकतच नेतात. कप्तान पगारी असतो, बाकीचे हौशी. मी हौशी. पगार नाही, जेवणखाण बोटीचं. आम्ही चौघं होतो: कप्तान, त्याचा मदतनीस, एक निवृत्त शाळामास्तर आणि मी. केपटाउन ते सेंट हेलेना साधारण १,७०० सागरी मैल. पहिले तीन दिवस थंडी, ओकाऱ्या आणि पश्चात्ताप. नंतर आग्नेयेकडचे व्यापारी वारे पाठीशी लागले आणि मग इतकं सुरळीत झालं की मास्तरांनी भाकरी शिकवा म्हणून हट्ट धरला. (शिकवली. पिठाचा दोष होता, माझा नाही.)

जमिनीचा वास आधी येतो म्हणतात. आम्हाला नाही आला, कारण आम्ही वाऱ्याबरोबरच चाललो होतो. समोर नुसता काळा कातळ, सरळ पाण्यातून वर आलेला, वर ढगाची टोपी. झाड नाही, घर नाही. १,९०० किलोमीटरवर आफ्रिका, त्याहून लांब ब्राझील, आणि मध्ये हा १२२ चौरस किलोमीटरचा दगड. बेटाला वळसा घालून वायव्येच्या आडोशाला शिरलो तेव्हा मात्र वास एकदम अंगावर आला: ओली माती, डिझेलचा धूर आणि कुठेतरी परतला जाणारा कांदा. कांद्यापाशी माझे डोळे भरून आले. कांद्याने नेहमीच येतं म्हणा पाणी, पण एवढ्या लांबून नाही.

मुक्काम तीन दिवसांचा. पहिला दिवस कागदपत्रांत गेला: बंदर, कस्टम्स, इमिग्रेशन, वैद्यकीय विम्याचा कागद. दुसरा दुरुस्तीत. मोठ्या शिडाच्या पट्टीचा एक तुकडा निसटला होता, पुढच्या शिडाचा दोर घासून अर्धा झाला होता, शिवाय कॅन भरभरून डिझेल आणायचं. म्हणजे 'फिरायला' म्हणून हातात आला तो एकच दिवस. चौथ्या पहाटे निघायचं.

त्या एका दिवसावरून आदल्या रात्री आमची जुंपली. जानेवारी होता, बेटाभोवती व्हेल शार्क येण्याचा हंगाम. मास्तर म्हणाले, बोटीची फेरी घेऊ, पाण्यात उतरू, एवढा मोठा मासा आयुष्यात परत दिसणार नाही. मी म्हटलं, तेरा दिवस पाणीच बघितलंय, मला जमीन दाखवा. आणि मला एक विशिष्ट घर बघायचं होतं, त्याचं कारण पुढे येईल. शेवटी मास्तर माशाकडे, मी डोंगराकडे.

किनाऱ्यावर जाण्याची सगळ्यात अवघड पायरी म्हणजे शब्दशः पायरी. जेम्सटाउनला आत शिरून उभं राहायला बंदर नाही, उघडी खाडी आहे. बोट तरंगत्या बॉयाला बांधायची आणि छोट्या फेरीबोटीने धक्क्याच्या दगडी पायऱ्यांशी जायचं. तिथे अटलांटिकची लाट सतत वर-खाली होत असते, मीटरभर सहज. वरून जाड दोर लोंबत ठेवलेले आहेत. फेरीवाला पायरीशी बोट टेकवतो, तुम्ही दोर पकडायचा आणि लाटेने बोट सगळ्यात वर आणली की त्या क्षणी पाय टाकायचा. आधी टाकलात तर पायरी वर राहते, नंतर टाकलात तर बोट खाली गेलेली असते. फेरीवाला शांतपणे सांगतो, 'थांब. थांब. आता.' मी पहिल्या 'थांब'ला निघाले. नडगी सोलली आणि उजव्या पायातली सँडल समुद्राला गेली. नेपोलियनही १८१५ साली इथेच कुठेतरी उतरला. त्याचं पादत्राण शाबूत होतं असं धरून चालते.

एका पायात सँडल, एक पाय अनवाणी, असा माझा जेम्सटाउनमध्ये गृहप्रवेश झाला. गाव म्हणजे दोन डोंगरांच्या फटीत बसवलेली एकच गल्ली. शेवया भरलेल्या सोऱ्यासारखी लांब आणि अरुंद. वेशीतून आत गेलं की किल्ला, बाग, बागेत वड-पिंपळाच्या कुळातली मोठाली झाडं, आणि १७७४ सालचं सेंट जेम्स चर्च, दक्षिण गोलार्धातलं सगळ्यात जुनं अँग्लिकन चर्च. रस्त्यातला प्रत्येक माणूस 'मॉर्निंग' म्हणतो. प्रत्येक. माझ्या पायांकडे बघून तीन जणांनी चपलांचं दुकान दाखवलं. तिथे माझ्या मापाचं काहीच नव्हतं, मालाचं जहाज यायचं होतं. एक माप मोठे कॅनव्हासचे बूट घेतले, उरलेली सँडल चिडून रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकली. त्या बुटांनी दिवसभर टाच खाल्ली.

नऊला टॅक्सी. चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, केस पिंजारलेले, गाडी निळी. दरीतून वर जायला दोनच रस्ते, दोन्ही कड्यात कोरलेले, एका गाडीच्या रुंदीचे, आणि चढणाऱ्याचा मान पहिला. खाली येणारी गाडी जागा बघून थांबते आणि दोघंही हात हलवतात. मी पहिल्या पाच गाड्या मोजल्या, बाई पाचही जणांना ओळखत होत्या. नंतर कळलं, न ओळखणाऱ्यालाही हात हलवायचा असतो. बेटावर जेमतेम साडेचार हजार वस्ती, स्वतःला 'सेंट' म्हणवतात. गाडी दहा मिनिटं चढली आणि ऋतू बदलला. खाली जालन्याचा मे, वर महाबळेश्वरचा जुलै. धुकं, ओले दगड, आणि उतारावर मैलोन्‌मैल घायपातासारखी दिसणारी एक वनस्पती.

ते न्यूझीलंडचं फ्लॅक्स. त्याच्या वाखाची दोरी-सुतळी करायचे, बेटाचा तो एकमेव मोठा धंदा होता. ब्रिटिश टपाल खात्याने गठ्ठे बांधायला कृत्रिम धाग्याची दोरी वापरायला सुरुवात केली आणि १९६६ मध्ये शेवटचा कारखाना बंद पडला. बाईंचे वडील त्यात होते. 'लंडनमध्ये कुणीतरी सुतळी बदलली,' एवढंच म्हणाल्या आणि गिअर बदलला.

पहिला थांबा ब्रायर्स. हेच माझं घर. म्हणजे बघायचं होतं ते. बाल्कम नावाच्या कुटुंबाचा मळा होता. लाँगवूडचं घर तयार होईपर्यंत नेपोलियन इथल्या छोट्या बैठ्या बंगलीत राहिला, ऑक्टोबर १८१५ ते १० डिसेंबर. पण मी त्याच्यासाठी गेले नव्हते. त्याच्या दहा वर्षं आधी, १८०५ मध्ये, हिंदुस्थानातून घरी परतणारा एक सेनापती याच ब्रायर्सवर उतरला होता: आर्थर वेलस्ली, पुढचा वेलिंग्टन. आणि तो आला होता आमच्या असईहून! म्हणजे वाटेत बरंच काही झालं, पण असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, केळणा आणि जुईच्या संगमावर, आमच्या घरापासून एसटीने तासाभराच्या आत. लहानपणी नांगराला तोफेचे गोळे लागल्याच्या गोष्टी ऐकलेल्या. शिंदे-भोसल्यांना हरवून निघालेला माणूस इथल्या हवेत बरा झाला, पुढे वॉटर्लूला त्याने ज्याला हरवलं तो कैदी म्हणून त्याच आवारात येऊन राहिला. बंगलीत कागदी नक्षीच्या भिंती, थोडं सामान, दारात फुलं. राखणदार बाईंना मी म्हटलं, मी असईची. त्यांना असई माहीत नव्हतं. मग मीच त्यांना पाच मिनिटं माहिती दिली.

तिथून नेपोलियनची आता रिकामी असलेली कबर, मग त्याचं लाँगवूड, मग जेवण, मग जोनाथन नावाचं म्हातारं कासव, मग शिडी. सगळं लिहीत बसले तर धागा आडवा होईल, तेव्हा शिडीचं सांगून थांबते, बाकी विचाराल तसं.

जेकब्ज लॅडर: १८२९ साली खालून वर माल आणि वरून खाली शेतीचा माल न्यायला उतरंडीचा गाडामार्ग केला होता, आता फक्त पायऱ्या उरल्यात. ६९९. उंची १८३ मीटर, एका रेषेत, मध्ये वळण नाही की कट्टा नाही. पर्वतीच्या पायऱ्या १०३, म्हणजे पावणेसात पर्वत्या एका दमात. संध्याकाळी पाचला चढले, दर शंभराला बसले. माझ्या पुढून दप्तर लावलेली दोन पोरं गप्पा मारत वर गेली. मी मोजल्या तेव्हा ७०३ भरल्या.

---

आंबटगोड
भारी! वाचनखूण साठवली. ७०३ मधल्या चार पायऱ्या बोटीवरच्या असतील, डोलण्यात मोजल्या गेल्या.

निवांत_नाना
लेखन छान, पण स्पष्ट बोलतो. व्हेल शार्क सोडून रिकामी कबर बघायला गेलात? आणि एका दिवसात सहा ठिकाणं म्हणजे अष्टविनायक दर्शन दोन दिवसांत करणाऱ्या बसची आठवण झाली. इतक्या लांब जाऊन बागेत एका झाडाखाली बसला असतात तर जास्त कळलं असतं.

केळणाकाठ
@निवांत_नाना, हळहळ आहेच. मास्तरांना दोन दिसले, आणि पुढचे सतरा दिवस त्यांनी ते आम्हाला रोज दाखवले, हातवारे करून.
झाडाखाली बसण्याचं म्हणाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. रात्री १२ ते ३ आणि दुपारी १२ ते ३ अशा माझ्या पहाऱ्याच्या पाळ्या होत्या. तेव्हा नुसतं बसून क्षितिजाकडेच बघायचं असतं. निवांतपणा तेरा दिवस पोटभर झाला होता, मला गर्दी हवी होती. साडेचार हजारांची का होईना.

मोडीवाचक
उत्तम धागा. एक दुरुस्ती आणि एक भर.
दुरुस्ती: नेपोलियन जहाजाने १५ ऑक्टोबरला पोचला, पण उतरला १७ ला संध्याकाळी. पहिली रात्र जेम्सटाउनमध्येच एका घरात काढली. त्याला बघायला अख्खं गाव कंदील घेऊन जमलं होतं, ते त्याला अजिबात आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी लाँगवूड बघून परतताना ब्रायर्स दिसलं आणि गावात परत जायला त्याने नकार दिला.
भर: ब्रायर्सच्या योगायोगाची वेलिंग्टनलाही गंमत वाटली होती. १८१६ मध्ये तो पॅरिसला नेपोलियनच्या जुन्या महालात राहत होता. तिथून त्याने बेटावरच्या अ‍ॅडमिरल माल्कमला पत्र धाडलं, आशय असा की 'बोनी'ला सांग, त्याच्या खोल्या मला सोयीच्या पडल्यात, बाल्कमकडच्या माझ्या खोल्या त्यालाही आवडल्या असतील अशी आशा आहे.
असईत कंपनीच्या बाजूची मेलेली-जखमी माणसं दीड हजाराच्या वर होती. एवढं मोल मोजलेली लढाई वेलिंग्टन म्हातारपणीही विसरला नाही. राखणदार बाईंना पाच मिनिटं दिलीत ते योग्यच.

केळणाकाठ
@मोडीवाचक, पत्राचं माहीत नव्हतं! कळलं असतं तर त्या बाईंना दहा मिनिटं दिली असती.

चीफ_काका
मर्चंट नेव्हीत तेहतीस वर्षं इंजिनरूममध्ये घालवून निवृत्त झालो, म्हणून दोन शब्द. तुमचा हा एका दिवसाचा 'शोअर लीव्ह', म्हणजे जमिनीवर उतरायची सुट्टी, वाचून पोटात कालवलं. १९८८ ला लागलो तेव्हा जनरल कार्गोची जहाजं होती, माल क्रेनने गोणी-गोणी उतरायचा, एकेका बंदरात आठ-दहा दिवस. मोंबासाला आमची क्रिकेटची टीम होती. कंटेनर आले आणि जहाज रात्री लागलं तर सकाळी सुटायला लागलं. मग २००४ पासून बंदर सुरक्षेचे नियम कडक झाले. गँगवेवरून (जहाजाच्या शिडीवरून) उतरलात तरी टर्मिनलच्या गेटपर्यंत पायी जाऊ देत नाहीत, गाडी मागवा, तिचे पैसे द्या, कागद दाखवा. खलाशाला जमिनीवर जाऊ द्यावं असं आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेलं आहे. पण चार तासांत बंकर (जहाजाचं इंधन) घ्यायचं, स्पेअर पार्ट मोजून घ्यायचे, सर्व्हेअर डोक्यावर उभा, तिथे कोण जातोय? माझ्या शेवटच्या कॉन्ट्रॅक्टला सात महिन्यांत तीनदा जमिनीला पाय लागले, त्यात एकदा दातांच्या डॉक्टरकडे.
त्यामुळे नानांना म्हणेन, एक दिवस मिळाला की माणूस सहा ठिकाणंच बघतो. मी ब्राझीलमध्ये चार तासांत एक फुटबॉल स्टेडियम, एक चर्च आणि एक मिक्सर घेतला होता.

आंबटगोड
मिक्सर? पुढे?

चीफ_काका
व्होल्टेज वेगळं निघालं. घरी आणल्यावर दहा सेकंद चालला, मग धूर. चीफ इंजिनिअरच्या घरात. विषय बंद.

पावसाळी_छत्री
केळणाकाठताई, प्रश्न विचारू का, सगळ्याच बायकांच्या मनात असेल. तीन परक्या पुरुषांबरोबर महिनाभर, एवढ्याशा बोटीवर. संडास, पाळी, झोपायची सोय? आणि खाण्याचं? मी शाकाहारी आहे म्हणून विचारतेय.

केळणाकाठ
@पावसाळी_छत्री, विचार की, त्यात काय. कॅटमरानला दोन धडं असल्यामुळे दोन टोकांना दोन संडास होते, त्यातला एक माझा. खोली वेगळी, दाराला कडी. पाळीच्या वेळी कचऱ्याचा प्रश्न येतो. प्लास्टिक समुद्रात टाकायचं नाही, बांधून ठेवायचं आणि किनाऱ्याला द्यायचं, म्हणून मी कप वापरला. माणसांची पारख मात्र आधी करायची. मी या कप्तानाबरोबर दोन छोट्या फेऱ्या मारल्यावरच हो म्हटलं. त्याआधी दुसऱ्या एका डिलिव्हरीला नकार दिला होता, नुसत्या फोनवरच्या बोलण्यावरून.
शाकाहाराचं: बेटावर ट्यूना राज्य करतो. ट्यूनाचे तिखट वडे तर घरोघरी. माझ्यासाठी टॅक्सीच्या बाईंनी घरून डबा आणला होता (हो, आदल्या दिवशी फोनवर विचारून!). त्यात भाज्या घातलेला पिवळा, मसालेदार, एकाच पातेल्यातला भात. नाव विचारलं तर म्हणाल्या, 'प्लो'. दोनदा विचारलं. प्लो. म्हणजे पुलाव! कंपनीची जहाजं मुंबई-कलकत्त्याहून परतताना इथे पाणी भरायची, त्यांच्याबरोबर कधीतरी पुलाव उतरला आणि राहिला. एरवी त्यात मांस असतंच. लाँगवूडच्या बाहेर भिंतीवर बसून आम्ही दोघींनी तो खाल्ला आणि बसल्याबसल्या माझा हात सारखा डब्याच्या कडेला जात होता. बोटीवर ताट धरून बसावं लागतं ना. बाईंनी शेवटी विचारलं, 'डबा पळून जाईल असं वाटतं का?'

रॉटरडॅमची_राधा
प्लो वाचून आठवलं. इथे आमच्या शेजारी सुरीनामी हिंदुस्थानी कुटुंब आहे. १८७३ ते १९१६ मध्ये कलकत्त्याहून चौतीस हजारांवर कंत्राटी मजूर सुरीनामला नेले, त्यांतले यांचे पूर्वज. ती जहाजंही केपला वळसा घालून जायची, पाणी घ्यायला सेंट हेलेनाला थांबायची. शेजारच्या आजींना मी हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, आमच्या आजोबांच्या गोष्टीत कलकत्ता आहे, 'पागल समुंदर' आहे, मग एकदम पारामारिबो. मधलं बेट कुणी सांगितलंच नाही.

केळणाकाठ
@राधा, त्यांना नमस्कार सांग. 'पागल समुंदर' म्हणजे केपजवळचा पट्टा असणार. आमचे पहिले तीन दिवस तिथेच गेले, नाव अगदी बरोबर आहे.
जेम्सटाउनच्या शेजारची दरी, रुपर्ट्स व्हॅली, मला वरूनच दिसली. १८४० नंतर इंग्रजी आरमार गुलामांची जहाजं पकडून इथे आणायचं. पंचवीस हजारांवर आफ्रिकी माणसं या बेटावर उतरवली, त्यातली हजारो त्या दरीत पुरली आहेत. विमानतळाच्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा सव्वातीनशे सांगाडे सापडले, ते २०२२ मध्ये परत सन्मानाने पुरले. टॅक्सीच्या बाईंनी तिथे गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. एरवी उतारावर त्या इंजिन बंद करत नव्हत्या.

दिवाडकर
गोव्याच्या दिवाडी बेटावरून लिहितोय, त्यामुळे बोटीचा विषय निघाला की गप्प बसवत नाही. आमच्याकडे रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 'म्हादेई' बांधली, तिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यांचे थांबे चारच: फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन. लोकांना वाटतं बंदर म्हणजे सहल. बोट बंदराला लागली की कामांची यादीच आधी उतरते. तुमचा दोर घासला ते कुठे? पुलीशी की शिडाच्या कोपऱ्याशी?

केळणाकाठ
@दिवाडकर, पुलीशी. मागून वारा, दिवसेंदिवस शीड एकाच जागी, दोर त्याच चार बोटांवर घासत राहिला. पुढच्या टप्प्यात रोज सकाळी दोर हातभर सोडायचा-ओढायचा नियम केला, म्हणजे घासणारी जागा बदलते.

दिवाडकर
हेच सांगायला आलो होतो. शिकलात.

मोडीवाचक
कबरीबद्दल लिहिलं नाहीत. मुद्दाम?

केळणाकाठ
थोडं मुद्दाम. जमेल का बघते.
रस्त्यावर गाडी सोडून गवताच्या रुंद वाटेने दहा-बारा मिनिटं खाली उतरायचं. त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं. कुंपण, मध्ये पांढुरकी फरशी, भोवती झाडं आणि हिरवळ. इथल्या झऱ्याचं पाणी नेपोलियन रोज मागवायचा, म्हणून ही जागा. ५ मे १८२१ ला गेला, १८४० मध्ये फ्रेंचांनी उकरून पॅरिसला नेला. म्हणजे आता आत कोणी नाही आणि वर काही लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही कारण फ्रेंच म्हणाले 'नेपोलियन' एवढंच लिहा, सम्राटाला आडनाव नसतं. गव्हर्नर हडसन लो म्हणाला 'बोनापार्ट' लावलंच पाहिजे. एकमत झालं नाही, दगड कोरा राहिला.
मी पाटी शोधत कुंपणाभोवती एक पूर्ण फेरी मारली, मग लक्षात आलं की आपण प्रदक्षिणा घातली. मोठा बूट टाचेला इतका लागत होता की तिथेच गवतात बसून काढला. पाच मिनिटं पाय गार गवतात ठेवून बसले. नाना, ते तुमचं झाडाखाली बसणं एवढंच झालं. जमीन तेव्हाही हलत होती. कोऱ्या दगडाकडे बघताना तो हळूहळू डावीकडे झुकतोय आणि परत येतोय असं दिसायचं. तेरा दिवसांची सवय.
लाँगवूडला खिडकीच्या झडपांना त्याने पाडलेली भोकं आहेत, पहारेकऱ्यांवर आतून नजर ठेवायला. बागेत खोल वाटा खणून घेतल्या, त्यातून चालताना तो बाहेरून दिसू नये म्हणून. मला ती भोकं कबरीपेक्षा जास्त लक्षात राहिली. मी एकाला डोळा लावला. हिरवळ, धुकं आणि माझी निळी टॅक्सी.

निवांत_नाना
शब्द मागे घेतो. झाडाखालचा हट्ट सोडला.
कासवाचं मात्र सांगा. नातवाला जोनाथन पाठ आहे.

केळणाकाठ
जोनाथन हा साधारण १८३२ चा जन्म धरतात. सेशेल्सवरून १८८२ मध्ये बेटावर आला, तेव्हाच पूर्ण वाढलेला. नातवाला असं सांगा: तो जन्मला तेव्हा दुसरा बाजीराव बिठूरला पेन्शन खात होता, आणि तो बेटावर आला त्याच्या आदल्याच वर्षी 'केसरी' निघाला. गव्हर्नरच्या बंगल्यासमोरच्या हिरवळीवर असतो. मोतीबिंदूने दिसत नाही, वास येत नाही, पण ऐकू उत्तम येतं. बाईंनी हाक मारली तर त्याने मान वर केली, मग बराच वेळ ती मान खाली न्यायचं विसरला. जवळ जाता येत नाही, ठरलेल्या वाटेवरूनच बघायचं. खरं सांगू? बाकीचे लोक दोन मिनिटांत फोटो काढून गेले. तो एक घास चावत होता आणि मला तो घास संपलेला बघायचा होता. बाईंनी हॉर्न वाजवला, तोवर संपला नव्हता.

पावसाळी_छत्री
खर्चाचा अंदाज द्याल का? विमानानेही जाता येतं ना?

केळणाकाठ
हो, ऑक्टोबर २०१७ पासून दक्षिण आफ्रिकेहून विमान आहे. वाऱ्याच्या तडाख्यामुळे कधीकधी न उतरता परत जातं. चलन सेंट हेलेना पौंड, ब्रिटिश पौंडाच्या बरोबरीचं. कार्ड सगळीकडे चालेल असं गृहीत धरू नका, रोख ठेवा. मी केला तो खर्च: टॅक्सी, बूट, कॉफीचं एक छोटं पाकीट. कॉफीचं बी १७३३ मध्ये येमेनहून आणलेलं, तीच जात अजून लावतात. भाव ऐकून मी पाकीट दोनदा परत ठेवलं आणि तिसऱ्यांदा घेतलं. बोटीवर मदतनीसाने ते साधं समजून चौघांसाठी पातेलंभर उकळलं, वर कंडेन्स्ड मिल्क. त्याच्याशी मी पहाऱ्याच्या दोन पाळ्या बोलले नाही.

चीफ_काका
बोटीवरच्या खाण्याची राखण स्वतःच करायची असते. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, जोशुआ स्लोकम, १८९८ मध्ये सेंट हेलेनाला थांबला होता. तिथे त्याला एक बकरी भेट मिळाली. तिने बोटीवर वेस्ट इंडीजचा नकाशाच खाल्ला. पुढच्या बेटावर तिला उतरवून तो नकाशाशिवाय गेला.

आंबटगोड
कॉफी काय, नकाशा काय. सगळं मान्य. पण मूळ प्रश्न कोणीच विचारला नाही. समुद्रात गेलेल्या सँडलचं काय झालं?

केळणाकाठ
संध्याकाळी शिडी उतरून लंगडत धक्क्यावर आले, शेवटच्या फेरीला. पायऱ्यांवर जे दोर लोंबतात म्हटलं ना, त्यातल्या एका दोराला माझी सँडल बांधलेली होती. फेरीवाल्याने दुपारी आकड्याने काढली म्हणे, धुऊन वाळवली पण. मी पळत गावात परत गेले, पण कचऱ्याची गाडी चारला येऊन गेली होती.